उसनी दिलेली बाई

जीप आली तेव्हा गोकुळाबाई वसतिगृहाच्या परसात बसून वांगी चिरत होती. पोळा होऊन गेला होता, नाल्याचं पाणी नुकतंच ओसरलं होतं, आणि अशा दिवसांत कोसमडोहला जीप येणार म्हणजे एक तर पोलिसांची, नाहीतर संस्थेच्या सचिवांची. या खेपेला सचिव स्वतः आले नव्हते. त्यांचा ड्रायव्हर श्रावण एकटाच होता आणि त्याच्या खिशात मनकर्णा मेश्रामसाठी चिठ्ठी होती.

मनकर्णा संस्थेच्या तिथल्या मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका. चंद्रपूरच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या सोमाजी मेश्रामांची ती थोरली लेक, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. आजूबाजूच्या जंगलातल्या गावांतून आलेल्या चाळीसेक माडिया-गोंड मुली तिच्या ताब्यात होत्या. सचिवांना तिच्या इंग्रजीचं कौतुक होतं. तिला काही कळवायचं असलं की ते मुद्दाम इंग्रजीत लिहीत. या चिठ्ठीतही एकच वाक्य होतं: 'काइंडली लेंड मी युवर कुक फॉर अ फ्यू डेज.'

गडचिरोली वेगळा जिल्हा झाल्यावर सचिवांनी तिथे घर बांधलं होतं. कचेऱ्यांमधले लोक त्यांच्याकडे जेवायला असत. आता मुलीचं लग्न ठरलं होतं, तेव्हा पाहुण्यांची वर्दळ आणखी वाढणार होती. मागच्या सव्वीस जानेवारीला ते वसतिगृहात झेंड्याला आले होते आणि गोकुळाबाईच्या हातचं मासोळ्यांचं कालवण दोनदा मागून घेतलं होतं. ते त्यांच्या ध्यानात राहिलं असावं.

चिठ्ठी वाचून मनकर्णाला बरं वाटलं. सचिव हुकूम करू शकले असते, त्यांनी विनंती केली होती. शिवाय 'तुमची स्वयंपाकीण' असं लिहिलं होतं. ती परसात गेली.

"गोकुळाबाई, चार-आठ दिवस गडचिरोलीला जाऊन या. साहेबांनी मागितलंय."

"मी?" गोकुळाबाईनं विळी आडवी ठेवली. "अन् पोरींचं रांधन कोन करन?"

"बुधू आहे ना. मीही बघेन."

बुधू म्हणजे वसतिगृहाचा चौकीदार. त्याला चहाही धड करता येत नव्हता, हे दोघींनाही माहीत होतं.

"माझी कौसल्या येनार हाये ना बाई, बाळंतपनाले. पयलं हाये तिचं."

"ती दिवाळीच्या सुमाराला ना? तोवर तुम्ही कधीच्या परत आलेल्या असाल."

गोकुळाबाईनं चिरलेली वांगी पाण्यात टाकली, हात धुतले आणि तळ्याकाठच्या धिवरांच्या मोहल्ल्यातल्या आपल्या घरी जाऊन एक लुगडं गाठोड्यात बांधून आणलं. नवरा केवळराम तळ्यावर जाळं टाकायला गेला होता. त्याला सांगायला शेजारणीला बजावून ती जीपमध्ये मागे बसली.

*

त्याच आठवड्यात मनकर्णा मुलींना उसनं देण्याघेण्याचं इंग्रजी शिकवत होती. आठवीच्या मुली तिथे हमखास चुकत. आपल्याकडे उसनं देणं आणि उसनं घेणं, शब्द एकच. इंग्रजीत देणाऱ्याचं क्रियापद वेगळं, घेणाऱ्याचं वेगळं. देणारा लेंड करतो, घेणारा बॉरो करतो.

"लेंड केलं म्हणजे देऊन टाकलं असं नाही," तिनं समजावलं. "वस्तू माझीच राहते. तुला थोडे दिवस वापरायला दिली. तू ती जशी नेली तशी परत आणून द्यायची. आणि जी वस्तू माझी नाही, ती मी लेंड करू शकत नाही. शेजाऱ्याची सायकल मी तुला कशी देणार?"

मुलींनी वाक्यं केली. कुणी पेन दिला, कुणी कंगवा, एकीनं कोंबडी. सगळ्या हसल्या. मग मैनी नावाची मुलगी उठली आणि तिनं वाक्य केलं की बाईंनी साहेबांना गोकुळामावशी लेंड केली.

वाक्य व्याकरणात बरोबर होतं. मुली पुन्हा हसल्या. मनकर्णानं मान हलवून "हं, बस" म्हटलं आणि पुढचं पान उघडायला सांगितलं. पण त्या दिवसापासून मुलींच्या तोंडात ते बसलं. भात करपला की एखादी म्हणे, "काय करावं, मावशी लेंड झाली ना." मनकर्णाच्या कानावर पडे, आणि ती ऐकलं न ऐकल्यासारखं करी.

चार दिवस गेले, आठ गेले. दसरा झाला. मनकर्णानं बाजाराच्या दिवशी अहेरीहून फोन केला, तर सचिवांच्या पत्नीनं, बाईसाहेबांनी, सांगितलं, पाहुणे आहेत, पुढच्या आठवड्यात पाठवतो. पुढच्या आठवड्यात लग्नाचा बस्ता होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात मोठी लेक माहेरी आली, तिचं तान्हं बाळ होतं. श्रावण एकदा तांदळाची पोती टाकायला आला, तेव्हा मनकर्णानं त्याला खोदून विचारलं.

"बाई आता घरचीच झाली तिथली," तो म्हणाला. "रांधते, कपडे धुते, पोराले आंघोळ घालते. साहेब खूश हायेत. ते काय सोडत नाईत तिले."

इकडे मुली आळीपाळीनं स्वयंपाक करू लागल्या होत्या. मनकर्णाला ते पसंत नव्हतं, पण बुधूचा भात कुणाच्या घशाखाली उतरत नव्हता. चाळीस जणींचा भात शिजायचा ते भलं मोठं पातेलं, तो गंज, उचलायला दोन धडधाकट माणसं लागत. गोकुळाबाई तो कधी उचलतच नसे. चुलीवर असतानाच ती वरची पेज वाटीवाटीनं काढून घेई. मुलींना ते ठाऊक नव्हतं. एका सकाळी मैनी आणि दुसरी एक मुलगी फडक्यानं गंज धरून पेज निथळवायला गेल्या, फडकं सुटलं आणि उकळती पेज मैनीच्या पायावर आली. गुडघ्यापासून खाली सगळं सोलून निघालं.

बुधूनं तिला खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं. बांबूच्या ट्रकवाल्यानं अहेरीला दवाखान्यात पोचवलं. पट्टी बांधून होईपर्यंत मैनी एका शब्दानं ओरडली नाही, फक्त मनकर्णाचा हात इतका घट्ट धरून होती की नखं रुतली. डॉक्टरांनी विचारलं, "हे लेकरू स्वयंपाक का करत होतं?"

ती रात्र मनकर्णानं दवाखान्याच्या बाकावर काढली आणि सकाळी मैनीला बुधूच्या हवाली करून गडचिरोलीची गाडी पकडली.

*

सचिवांचं घर दोन मजल्यांचं होतं, पुढे जाळीचा व्हरांडा. सचिव वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी उठून स्वागत केलं, खुर्ची दिली, चहा सांगितला.

"साहेब, गोकुळाबाईंना न्यायला आलेय," मनकर्णा म्हणाली. "एक मुलगी भाजली. दवाखान्यात आहे."

"अरे रे. जास्त तर नाही ना?"

"पाय गेला असता."

"नाही नाही, असं व्हायला नको." त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही लक्ष ठेवायला पाहिजे होतं, मॅडम. अधीक्षिका तुम्ही आहात."

मनकर्णानं आवाज खाली ठेवला.

"स्वयंपाकीण असती तर मुलीनं गंजाला हात लावला नसता. तुम्ही थोड्या दिवसांसाठी म्हणून नेली होती. लेंड हा शब्द तुमचा आहे. मागितलेली वस्तू परत करायची असते."

सचिव मोकळेपणानं हसले. त्यांना इंग्रजीवरची चर्चा आवडत असे.

"मी कुठे नाही म्हणतो? डोनेट तर नाही म्हटलं होतं. परत करू की. पण लेंडमध्ये तारीख नसते, मॅडम. फ्यू डेज म्हटलं, किती फ्यू, ते घेणाऱ्याच्या गरजेवर."

"घेणाऱ्याच्या नाही. देणारा मागेल तेव्हा. मी आज मागतेय."

"देणारा?" आता ते हसले नाहीत. "देणारा कोण, तुम्ही? ती बाई तुमची आहे का? तिला कामावर कोणी ठेवलं? संस्थेनं. तुम्हाला कोणी ठेवलं? संस्थेनं. अन् संस्था म्हणजे कोण, हे मी सांगायला पाहिजे का? माझीच वस्तू मी माझ्या घरी आणली. लेंड-बिंड मी चांगल्या माणसाच्या तऱ्हेनं लिहिलं, तुमचा मान राखून. त्याचा तुम्ही कायदा करून राह्यल्या."

मनकर्णा बोलणार होती. गाडीत सारी वाट तिनं वाक्यं जुळवली होती. पण मधल्या दारातून आवाज आला.

"वस्तू?"

गोकुळाबाई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिचे हात साबणानं पांढरे पडले होते, लुगड्याचा पदर ओला होता, आणि ती इतकी वाळली होती की मनकर्णाला क्षणभर ओळखू आली नाही. तिनं ट्रे खाली ठेवला. टेबलावर नाही, दारातच फरशीवर.

"मी वस्तू आहो का, साहेब?"

"तू आत जा," सचिव म्हणाले.

"जातो ना. आत, बाहेर, जिथी म्हनान तिथी जाऊन राह्यली मी. पोरगी भाजली म्हने. कोनती पोरगी, बाई?"

"मैनी," मनकर्णा म्हणाली. "गोकुळाबाई, चला, आपलं सामान घ्या. मी तुम्हाला परत न्यायला आलेय."

मनकर्णाला वाटलं होतं की गोकुळाबाईच्या डोळ्यांत पाणी येईल. तसं काही झालं नाही. ती मनकर्णाकडे वळली ती सचिवांकडे पाहत होती त्याच नजरेनं.

"तुमी न्यायले आल्या? अन् देल्लं कोनं होतं मले? तुमीच ना? यानं मांगलं, तुमी देल्लं. आता तुमी मांगून राह्यल्या, हा देत नाई. दोघं बसून भांडून राह्यले, माल कोनाचा म्हनून. मी गंज आहो का कढई आहो? मले कोनं इचारलं, गोकुळा, तू जातं का म्हनून?"

"मी विचारलं होतं..."

"इचारलं नाई. सांगतलं. जाऊन या म्हनलं. मी म्हनलं माझी पोरगी येनार हाये, तं तुमी म्हनलं दिवाळीले हाये ना." तिचा आवाज फाटला. "दिवाळीच्या पयलेच झालं तिचं. बाजारात आमच्या गावचा मानूस भेटला, त्यानं सांगतलं. पोरगा झाला म्हने. आठव्यातच. कौसल्या तीन दिवस तापात फनफनली, तिच्या बापानं तिले पानी पाजलं, पुरुषमानसानं. मी बाईसायबाले म्हनलं, मले दोन दिवस जाऊ द्या. तं म्हने, लग्न होऊ दे, मंग जा. मी इथी दुसऱ्याच्या लेकराचे लंगोट धुवून राह्यली, अन् माझा नातू कसा दिसते, मले मालूम नाई!"

आतून बाईसाहेब आल्या. काय आरडाओरडा आहे, संध्याकाळी माणसं जेवायला येणार आहेत, असं काहीसं त्या म्हणाल्या.

"येऊ द्या," गोकुळाबाई म्हणाली. "तुमाले हात नाईत का?"

ती मागे गेली. परसातल्या लाकडांच्या खोपटात तिला झोपायला जागा दिली होती. तिथून गाठोडं घेऊन ती घराला वळसा घालून पुढच्या फाटकाशी आली. सचिव व्हरांड्याच्या पायरीवर उभे होते.

"आज गेलीस तर उद्यापासून कामाला येऊ नको."

"तुमच्या घरी येतच नाई. मी होस्टेलात येईन. तिथी पोरी उपाशी हायेत."

मनकर्णा तिच्या मागून निघाली. चहाचा ट्रे अजून दारातच पडलेला होता.

*

बसमध्ये जागा होती तरी गोकुळाबाई तिच्या शेजारी बसली नाही. दोन बाकं सोडून खिडकीशी बसली आणि डोक्यावर पदर घेऊन बाहेर बघत राहिली. मनकर्णाच्या मनात सचिवांना सुनवायची राहिलेली वाक्यं घुमत होती, आणि प्रत्येक वाक्याशी येऊन ती अडखळत होती, कारण त्या प्रत्येकात 'माझी स्वयंपाकीण' होतं. आपण या बाईसाठी भांडायला गेलो, आणि भांडलो ते मुलींसाठी, वसतिगृहासाठी, आपल्या शब्दासाठी. कौसल्येचं नावसुद्धा आपल्याला आठवलं नव्हतं. धिवरांचा मोहल्ला वसतिगृहापासून हाकेच्या अंतरावर होता. एकदा जाऊन बघता आलं असतं.

आष्टीला गाडी बराच वेळ थांबली. मनकर्णा उठून तिच्या बाकापाशी गेली.

"माझं चुकलं, गोकुळाबाई."

गोकुळाबाईनं तिच्याकडे पाहिलं. "हो, चुकलं," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं, "मैनीले खोबऱ्याचं तेल लावलं का डॉक्टरनं?"

"नाही, मलम आहे."

"हं." तिनं गाठोडं मांडीवर घेऊन बाकावर जागा केली. मनकर्णा बसली.

कोसमडोहला उतरल्यावर गोकुळाबाई आधी घरी गेली. रात्रभर नातवाला मांडीवरून खाली ठेवलं नाही, असं केवळरामनं नंतर सांगितलं. सकाळी ती वसतिगृहात आली, गंज घासायला घेतला आणि मुलींना स्वयंपाकघरातून बाहेर काढलं.

तिसऱ्या दिवशी श्रावण निरोप घेऊन आला. गोकुळाबाईला कामावरून कमी केलं आहे, दुसरी बाई बघा. मनकर्णानं साफ सांगितलं की मी बघणार नाही. त्याच दिवशी मैनीचा बाप लालसू दवाखान्यातून परतलेल्या पोरीचा पाय पाहायला आला होता. दिवसभर जंगल तुडवून आलेला तो बुटका, अबोल माणूस व्हरांड्यात उकिडवा बसला होता. त्याला मराठी थोडकीच येई. काय झालं ते त्यानं मैनीकडून गोंडीत ऐकून घेतलं. दोनदा विचारलं. मग उठून चालता झाला, आणि दोन दिवसांनी परतला तो आणखी पंधरा-वीस बापांना घेऊन.

ते ओरडले नाहीत. अंगणात बसले, तंबाखू मळली. तिथेच जेवले. सचिवांना निरोप गेला तसे ते जीपनं धावत आले. लालसू त्यांच्यासमोर उभा राहिला आणि मोजक्या मराठीत म्हणाला,

"ही बाई रांधल, तं पोरी राहतीन. नाईतर आत्ता नेतो. सगळ्या."

मुली गेल्या तर वसतिगृह बंद, अनुदान बंद, हे सचिवांना कुणी समजावण्याची गरज नव्हती. ते हसले, लालसूच्या पाठीवर हात ठेवायला गेले. लालसू बाजूला सरकला. गोकुळाबाईला कोण काढतंय, गैरसमज झाला, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून ते परत जीपमध्ये बसले. मैनीच्या पायाबद्दल त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. मनकर्णाकडे त्यांनी पाहिलंही नाही, आणि तेव्हाच तिला कळलं की आता आपली पाळी.

हिवाळ्यात तिची बदली झाली, संस्थेच्या जिवतीकडच्या शाळेवर. डोंगरातलं गाव, प्यायचं पाणी कोसभरावर. जागा भरायची तातडी आहे म्हणून दोन दिवसांत हजर व्हायचं होतं.

निघायच्या सकाळी मुली रस्त्यापर्यंत आल्या. मैनी लंगडत आली. गोकुळाबाई तांदळाच्या भाकरी आणि सुक्या मासोळ्यांची पुडी घेऊन आली, आणि बस आल्यावर पेटी चढवायला म्हणून तीही आत चढली. पेटी ठेवून झाली तरी ती उतरेना.

"तुमाले इचारलं का त्यानं?"

"कशाचं?"

"बदलीचं. जाता का म्हनून."

"नाही."

"मंग जाता काऊन?"

मनकर्णा म्हणाली, "नोकरी आहे, गोकुळाबाई. दोन भाऊ शिकतायत. वडिलांची छाती गेलीय खाणीत."

"मालूम हाये मले. मले घर नोयतं का? केवळरामच्या जाळ्यात किती मासोळ्या येतेत, तुमाले मालूम नाई का? मी निंगाली ना तिथून. अन् तुमी एवढ्या शिकल्या-सवरल्या, तुमी पेटी उचलली अन् चालल्या!"

"तिकडेही मुली आहेत."

"पोरी कुठी नाईत? म्हनून काय त्यानं उठ म्हनलं का उठाचं, बस म्हनलं का बसाचं?"

"बाई, उतरा, गाडी सोडाची हाये," कंडक्टर म्हणाला.

"थांब ना रे. बोलून राह्यली दिसत नाई का?"

त्यानं घंटी मारली. गाडी हलली. गोकुळाबाई दांडा धरून उभीच होती. ती तिथे नसलेल्या सचिवांना बोलली, मग कंडक्टरला, पुन्हा मनकर्णाला. गाडीतली माणसं वळून बघू लागली. मनकर्णाला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि हा राग गोकुळाबाईचा नाही, सचिवांचा आहे, हे तिला आता नीट माहीत होतं. जिवतीला पोचल्यावर सचिवांविरुद्ध कुणाकुणाला भेटायचं, काय सांगायचं, हे ती मनात जुळवू लागली. या वेळी त्या वाक्यांत 'माझी' कुठेच येत नव्हतं.

नाल्यापलीकडे गाडी एका म्हाताऱ्यासाठी थांबली, तेव्हा गोकुळाबाई एकदाची उतरली. खाली उभं राहूनही तिचं संपलं नव्हतं.

"पोचल्यावर निरोप धाडजा! अन् कोनी काई मांगलं, तं पयले नाई म्हनाचं!"

मग तिनं पदर खोचला आणि मागे वळून झपाझप चालू लागली. चुलीवर चाळीस जणींचं आधण ठेवून ती आली होती.